दोन रेघांची फळी

कोलशेत, ठाणे
सोमवार, १६ सप्टेंबर २०२४

ताई,

वर ‘नमस्कार’ लिहायचा की ‘कशी आहेस’, यात अर्धा तास गेला. शेवटी दोन्ही गाळलं. माझा नंबर तू कधीच बंद करून टाकलायस, म्हणून हे पत्र. पाकीट घ्यायला पोस्टात गेलो तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या, “आता कोण पत्र लिहितं? राखी तर गेल्या महिन्यातच झाली.” मी नुसता हसलो. अकरा वर्षांत तुझी राखी आलेली नाही, हे त्यांना काय सांगणार.

कालची शर्यत तू पाहिली असशीलच. कोइंबतूरला तू गाड्यांच्याच धंद्यात आहेस, लॅपच्या वेळा मोजतेस, असं ऐकून आहे. तेव्हा तोरेल्ली आणि सान्तेस कोण हे तुला सांगायला नको. पण आमच्या इथे काय झालं ते सांगतो.

आम्ही सगळे डोंबिवलीला विनीतकडे जमतो. एमआयडीसीत त्याचा गाड्या रंगवायचा गाळा आहे. रविवारी संध्याकाळी गाळ्याची एक भिंत पुसायची, तिच्यावर प्रोजेक्टर सोडायचा आणि रंगाचे रिकामे डबे उपडे घालून पंचवीस-तीस माणसांनी बसायचं. थिनरच्या वासाने अर्ध्या तासात डोकं हलकं होतं. मला ते आवडतं. तू मला ‘तंद्रीबाज’ म्हणायचीस, तो मी अजून तसाच आहे. भिंतीवर त्या दोन हिरव्या गाड्या एकामागे एक वळतात, तेव्हा मला त्या शर्यतीत आहेत असं वाटतच नाही. दोघांना एकाच झोपेने धरलंय असं वाटतं.

एकच टीम, एकाच रंगाच्या गाड्या, आणि विजेतेपदासाठी दोघांमध्ये तीन गुणांचा फरक. तोरेल्ली पुढे, सान्तेस मागे, बाकी सगळे लांब. टीमने ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवरून सान्तेसला बोर्ड दाखवला, की आहेस तिथेच राहा. पुढच्याच लॅपला तो तोरेल्लीच्या आतून घुसला. तोरेल्ली वाळूत गेला, कसाबसा पाचवा आला. आणि सान्तेस म्हणतो, मला बोर्ड दिसलाच नाही.

गाळ्यात दोन तट पडले. समृद्धी म्हणून एक मुलगी येते, कल्याणला सहकारी बँकेत आहे, तिने चित्र थांबवलं. “हे बघा, त्याचं हेल्मेट वळलंय. भिंतीकडे.”

विनीत म्हणाला, “अगं, मागे कोण आलंय ते बघत असेल.”

“मागे बघताना मान अशी वळते?”

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिथे शर्यतीत गाडी चालवलेला मी एकटाच. समृद्धी म्हणाली, “नयनदादा, तुम्ही सांगा. त्या स्पीडला बोर्ड दिसतो का?”

मी म्हटलं, “नाही दिसत. माणूस फक्त पुढचा टर्न बघतो.”

भांडण मिटलं. विनीतने माझ्या हातात समोसा ठेवला.

घरी सगळं ठीक. अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी नऊच्या ठोक्याला वागळे इस्टेटला जाऊन गॅरेजचं शटर वर करतात. खाडीवर सकाळी धुकं असतं, पलीकडची तिवरं दिसत नाहीत. तुला काय वाटतं, सान्तेसला बोर्ड दिसला असेल का?

नयन


सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुझं कार्ड मिळालं. “बोर्ड दिसतो की नाही हे तू मला विचारतोस?” अकरा वर्षांनी आठ शब्द, आणि खाली सही, पूर्ण नावाची, बँकेत करतात तशी. मी ते कार्ड चार दिवस शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. एकदा धुवायला जाता जाता वाचलं.

खरं सांगतो, मी पहिल्या पत्रात ते विचारलं तेव्हा मला वाटलं होतं मी सहज विचारतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

काल विनीतकडे प्रीतम आला होता.

बस जरा. मीही बसलो होतो. त्याने स्कूटर रंगवायला टाकली होती, ती न्यायला आला आणि शर्यत चालू बघून थांबला. कल्याणच्या फुलबाजारात आता त्याचा गाळा आहे. पहाटे तीनला उठतो म्हणे. अंगाला झेंडूचा वास येत होता, आणि त्या थिनरच्या गाळ्यात तो वास इतका वेगळा होता की मी वळून न बघताही कोणीतरी आलंय हे कळलं. लग्न झालंय, एक मुलगी आहे. उजवं मनगट अजून पूर्ण वळत नाही. चहाचा ग्लास डाव्या हाताने धरतो.

मला बघून मान हलवली, एवढंच. मग समृद्धी पुन्हा तोच विषय घेऊन बसली. आता दोघांत एकच गुण उरलाय, तोरेल्लीचं टीमशी बोलणं बंद आहे, दोघांच्या मेकॅनिकांनी मधे पडदा लावलाय. विनीतने तिला चिडवलं, “तुझ्या सान्तेसवरच्या रागात काहीतरी पर्सनल दिसतंय.” सगळे हसले. प्रीतम हसला नाही. म्हणाला, “बोर्ड दाखवलाच नसेल त्याला. घरच्या माणसाला कोण थांबवतं?”

कोणालाच ते कळलं नाही. मला कळलं. त्याला वाटतं, तू मुद्दाम दाखवली नाहीस. भावासाठी. अकरा वर्षं तो हेच धरून बसलाय, आणि आमच्याकडे सगळे जी गोष्ट सांगतात तिच्यात याला जागाही आहे.

ती गोष्ट अशी. अप्पांच्या भोईर ऑटोची मोटरसायकलींची टीम, दोन पोरं, कळव्याचा प्रीतम आणि कोलशेतचा नयन. कोल्हापूरच्या ट्रॅकवर मालिकेची शेवटची शर्यत. प्रीतम चार गुणांनी पुढे. नयनची बहीण संचिता भिंतीवर, प्रीतमशी तिची सुपारी फुटलेली. टीमकडे विकतचा बोर्ड नाही. आजोबांच्या मिठागराच्या दाराची काळी फळी आहे, तिच्यावर बोटाने चुना ओढायचा. एका बाजूला प्रीतमसाठी लॅपच्या खुणा. तो पुढे गेला की फळी फिरवायची आणि मागून येणाऱ्या नयनला दुसरी बाजू दाखवायची. दोन आडव्या रेघा म्हणजे आहेस तिथेच राहा. आता चुना ओला असला की काळ्या लाकडावर जेमतेम दिसतो, वाळल्यावर पांढराशुभ्र होतो. संचिताने रेघा ऐनवेळी ओढल्या. ओल्या होत्या. नयनला दिसल्या नाहीत. तो आत घुसला, प्रीतम पडला, मनगट गेलं, लग्न मोडलं. पोरीची चूक झाली, दुसरं काय.

एवढीच गोष्ट. गॅरेजमध्ये मी जिंकलेला कप अजून काचेत आहे. फळी माळ्यावर आहे.

मला अधूनमधून एक स्वप्न पडतं. जुनं मिठागर आहे, जिथे आता टॉवर उभे आहेत तिथे, पाणी बोटभर, आणि मी त्याच्यावरून गाडी चालवतोय. पाणी उडत नाही. आवाज नाही. भिंतीवर तू उभी आहेस आणि तुझ्या हातात काहीच नाही. मी जवळ येतो तशी तू हात वर करतेस, रिकामे. मला इतकं बरं वाटतं त्या रिकाम्या हातांनी, की जाग आल्यावर स्वतःची शिसारी येते.

बाकी पुढच्या पत्रात. आज हात चालत नाही.

नयन


सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

ताई,

फळी दिसली होती.

हे एक वाक्य लिहून मी कागद बाजूला ठेवला, गॅरेजमध्ये जाऊन दोन गाड्यांचं ऑइल बदललं, जेवलो, आणि परत आलो. ते तिथेच होतं.

शेवटून दुसरा लॅप होता. सरळ पट्टा. एका हद्दीनंतर इंजिनाचा आवाज ऐकूच येत नाही, हे तुला मी पूर्वी सांगितलंय. हेल्मेटच्या आत दुपारची झोप असते तशी शांतता होते. त्या शांततेत मला सगळं दिसत होतं. भिंतीवरचं वाळत घातलेलं फडकं. तू कमरेला ओढणी बांधली होतीस. प्रीतम गेला, तू फळी फिरवलीस, आणि रेघा दिसल्या. दोन, एकीखाली एक, खडूसारख्या पांढऱ्या. खालची जराशी तिरकी आली होती, उजवीकडे उतरलेली. माणसाला रेघेचा तिरकेपणा दिसतो, म्हणजे फळी दिसते, ताई.

आणि त्या ओल्या नव्हत्या, हे मला शर्यतीच्याही आधी माहीत होतं. तू माझी बाजू सकाळीच काढून टेम्पोच्या टपावर उन्हात वाळत ठेवली होतीस. मी तिथेच बूट चढवत बसलो होतो. तू म्हणालीस, “हात लावू नकोस रे, पुसली जाईल.”

का केलं, ते सांगतो, पण त्याला कारण म्हणू नकोस. सकाळी अप्पांनी नारळ फोडला. पाणी प्रीतमच्या हेल्मेटला लावलं, त्याच्या गाडीच्या टाकीला लावलं. माझ्याकडे आले तोवर करवंटी रिकामी झाली होती. अप्पांनी काही मुद्दाम केलं नसेल. पण मी दिवसभर ते कोरडं हेल्मेट डोक्यावर घालून फिरलो. सगळंच त्याचं होत चाललं होतं, गॅरेज त्याचं, पहिला नंबर त्याचा, तूही त्याची. मी घरचा, म्हणून मी थांबायचं. आणि मग फळीवर तेच लिहून आलं, की थांब. मला थांबायचं नव्हतं.

त्याला पाडायचं नव्हतं. हे मात्र शपथेवर खरं.

ट्रॅकशेजारच्या मंडपात प्रीतमच्या हाताला फळकुट बांधत होते. त्याचा चुलता माझ्या अंगावर आला, “तुला थांबायला सांगितलेलं ना?” आणि मी म्हणालो, “रेघा ओल्या होत्या. दिसल्या नाहीत.” हे वाक्य मी ठरवून ठेवलं नव्हतं. ते तोंडातून गेलं आणि सगळ्यांनी एकदम तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, “मी दाखवली.” मग पुन्हा एकदा म्हणालीस. मग तू माझ्याकडे बघितलंस आणि तिसऱ्यांदा म्हणाली नाहीस. मी माझे हातमोजे काढत होतो. एक-एक बोट.

तू कोइंबतूरला निघालीस तेव्हा मी गाडीवर सोडतो म्हटलं होतं. तू रिक्षा केलीस.

मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि ते ओझंही मी तुझ्यावर का टाकू? पण एक ठरवलंय. १७ नोव्हेंबरला शेवटची शर्यत आहे. प्रीतमला मी विनीतकडे बोलावलंय, तो येतो म्हणालाय. तिथे सगळ्यांसमोर सांगणार, आणि घरी येऊन अप्पांना सांगणार. मला भीती वाटते. प्रीतमची कमी, अप्पांची जास्त. काचेतला तो कप ते अजून रोज फडक्याने पुसतात.

नाही सांगितलं, तर हे पत्र मी तुला पाठवलंच नाही असं समज आणि मला पुन्हा कधी कार्ड लिहू नकोस.

नयन


सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

ताई,

सांगितलं.

काल गाळा गच्च भरला होता. समृद्धीने ऑफिसातली चार माणसं आणली होती. प्रीतम दाराशी, उभा. मी मधे एका डब्यावर बसलो होतो, आणि शर्यत मला अशी दिसली, जशी पाण्याखालून दिसेल. कोण किती पुढे, काही कळत नव्हतं. हिरवी गाडी जायची, मागून हिरवी गाडी जायची. लोक उठायचे, बसायचे. शेवटी सान्तेस जिंकला आणि विजेतेपदही त्याचंच झालं. तोरेल्ली हेल्मेट न काढता सरळ आत निघून गेला. ते बघून प्रीतमने मान खाली घातली.

मुलाखतीत सान्तेसला पुन्हा विचारलं, त्या दिवशीच्या बोर्डाचं. तो हसून म्हणाला, मी आजही सांगतो, मला दिसला नाही.

“खोटारडा आहे,” समृद्धी म्हणाली.

विनीत म्हणाला, “झालं ना आता. नयनदादांनी सांगितलंय दिसत नाही म्हणून.”

मी म्हटलं, “मी खोटं बोललेलो. दिसतो.”

माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला. मी उठलो आणि प्रीतमकडे बघून बोललो, नाहीतर बोललोच नसतो. “मला फळी दिसलेली. रेघा सुकलेल्या होत्या, ताईने सकाळीच काढून ठेवलेल्या. तिने फळी फिरवली, मला दाखवली, आणि मी बघून आत घुसलो. तिने तुला फसवलं नाही. तुला मी फसवलं. तिलाही.”

कोणीतरी प्रोजेक्टर बंद केला. कॉम्प्रेसर चालू होता तो तेवढा घरघरत राहिला.

प्रीतम मारेल असं वाटलं होतं. मारलं नाही. त्याने ग्लास खाली ठेवला, फार जपून, जसा काही तो फुटणार होता. मग म्हणाला, “मी तिला तेव्हा काय काय बोललेलो, माहितीये तुला?”

“नाही.”

“तिने नाही सांगितलं?”

“तिने काहीच नाही सांगितलं.”

“मग मीपण नाही सांगणार,” तो म्हणाला. दारात जाऊन परत वळला. “अकरा वर्षं, नयन. माझ्या मनगटाचं जाऊ दे. ती खोटारडी आहे असं मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलंय.” मग स्कूटर काढून गेला. विनीतने प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली. समृद्धीने फक्त विचारलं, “ताईंना सांगितलंत का आधी?” मी म्हटलं, पत्राने. “पत्राने,” ती म्हणाली, आणि डबे एकात एक रचायला लागली.

आज सकाळी अप्पा. अंगणात बाकड्यावर बसले होते, खाडीकडे तोंड करून. धुकं होतं. मी समोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, नारळापासून. ते खाडीकडेच बघत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही.

मग म्हणाले, “मना ठाव व्हता.”

ताई, मी खाली बसलो. जमिनीवरच.

“मी भिंतीच्या त्या टोकाला उभा व्हतो. फली माज्याच बाजूला व्हती. दोनी रेगा बगल्या मी. पांडऱ्याफेक व्हत्या.”

मी विचारलं, मग बोलले का नाहीत.

“कलव्याची मानसा गाड्या भरून आल्ती. पोरगा त्यांचा पडलेला. तुजा नाव घेतला असता त तुला फोडला असता. पोरीला कोन हात लावनार? म्हनला, चूक जाली म्हनतील, महिन्याभरात ईसरतील.” मग म्हणाले, “नाय ईसरले. मग रोज वाटायचा, उद्या सांगू. उद्या सांगू करता करता ती गेली.”

म्हणजे सगळा दोष तुझ्यावर आला तेव्हा, ताई, तुझ्या बाजूचे दोन साक्षीदार तुझ्याच घरात होते. एकाच ताटात जेवत होतो आम्ही. मी कप जिंकला म्हणून त्यांनी तो पुसला, असं मी इतकी वर्षं समजत होतो. त्यांनी तो का पुसला, ते मला आता विचारायचंही नाही.

अप्पा म्हणाले, “माजा तिला लिवू नको. तुजा लिवलास तेवरा बास.” म्हणून त्यांचंच आधी लिहायला बसलो. आपल्या घरात जे लिहू नको म्हणतात ते न लिहिल्यानेच हे सगळं झालंय. तू त्यांच्यावर रागव. माझ्यावर रागव. त्या रागात तुझं काही चुकत नाही, हे तुला घरातून कोणीतरी सांगायला हवं होतं. आता मी सांगतोय, फार उशिरा.

पत्र इथेच संपवणार होतो. अप्पा आत आले. दाराला धरून उभे राहिले आणि विचारलं, “लिवलास?”

मी म्हटलं, लिहिलं. तुमचंही लिहिलं.

वाटलं फाडतील. वाचून दाखवू का, विचारलं, तर नको म्हणाले. समोरच्या खुर्चीत बसले, चष्मा लावला, आणि पेन मागितलं. चौथीपर्यंत शिकलेत, सही सोडून त्यांना काही लिहिताना मी पाहिलेलं नाही. म्हणून खालची जागा सोडतोय. पुढचं अक्षर त्यांचं.

नयन


बाय संचिता,
फळी तू दाखवलीस. रेघा सुकलेल्या होत्या. मी तिथे उभा होतो, मी पाहिल्या. तेव्हा बोललो नाही. आज लिहून देतो.

धाकू पोशा भोईर